‘रिक्वेस्ट’पुढे ‘फॉर’ कधी लावायचा? नाम आणि क्रियापद दोन्ही असणारे इंग्रजी शब्द

‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हे वाक्य रजेच्या अर्जांत सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ मात्र बरोबर. शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात तो क्रियापद आहे आणि दुसऱ्यात नाम. ‘फॉर’ लागतो तो नामाला. क्रियापदाला थेट कर्म जोडायचं: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर थ्री डेज’. इथला ‘फॉर’ दिवसांसाठी आहे, रिक्वेस्टसाठी नाही.

आपली ही चूक मराठीतून येते. इंग्रजी शब्द घेतला की आपण त्याला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडतो: रिक्वेस्ट करणे, ऑर्डर देणे, व्हिजिट देणे. म्हणजे मराठीत तो शब्द नामच राहतो, क्रियेचं काम ‘करणे’ सांभाळतं. शिवाय ‘खेळ’ आणि ‘खेळतात’ यांत प्रत्ययच सांगतो की नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. प्रेम म्हणजे ‘लुफु’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफिअन’. ते झिजले आणि दोन्हींसाठी ‘लव्ह’ उरला. त्यामुळे आज इंग्रजीत शब्दाची जागा पाहूनच ठरवावं लागतं.

जागा ओळखायला डावीकडचा शब्द बघा. तिथे ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ किंवा एखादं विशेषण असेल तर नाम. ‘आय’, ‘दे’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डिडन्ट’ असेल तर क्रियापद. फसवतो तो ‘टू’, कारण तो दोघांच्याही आधी येतो: ‘आय गो टू वर्क’ आणि ‘आय वॉन्ट टू वर्क’. इथे ‘टू’नंतर ‘माय’ घालून बघा. ‘आय गो टू माय वर्क’ चालतं, म्हणून तिथे नाम. ‘आय वॉन्ट टू माय वर्क’ चालत नाही, म्हणून क्रियापद. शेवटच्या ‘एस’वरही विसंबू नका. ‘हिज वर्क्स’मध्ये तो अनेकवचनाचा आहे, तर ‘ही वर्क्स’मध्ये तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यामुळे आलेला.

शब्दाचं काम ठरलं की त्याच्या पुढचं शब्दयोगी अव्यय (फॉर, टू, ऑन वगैरे) तपासा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून या जोड्या मोठ्याने वाचाव्यात:

अ व्हिजिट टू गोवा. वी व्हिजिटेड गोवा.
ॲन ऑर्डर फॉर थ्री बुक्स. आय ऑर्डर्ड थ्री बुक्स.
द आन्सर टू द क्वेश्चन. आन्सर द क्वेश्चन.
कंट्रोल ओव्हर प्रायसेस, कंट्रोल प्रायसेस.
लॅक ऑफ वॉटर. द व्हिलेज लॅक्स वॉटर.
कॉन्टॅक्ट विथ द ऑफिस. कॉन्टॅक्ट द ऑफिस.

‘डिस्कस अबाउट’ ही चूक याच कुळातली: ‘अबाउट’ ‘डिस्कशन’ला लागतो, ‘डिस्कस’ला नाही. पण नियम सरसकट लावू नका. ‘रिप्लाय’ला दोन्ही रूपांत ‘टू’ लागतो, ‘कॉमेंट’ला दोन्हीकडे ‘ऑन’. ‘सर्च’मध्ये तर अर्थच बदलतो: ‘सर्च द हाउस’ म्हणजे घराची झडती घेणं, ‘सर्च फॉर द हाउस’ म्हणजे घर शोधत फिरणं.

आता उच्चार. दोन अवयवांच्या, म्हणजे ‘रे-कॉर्ड’सारखे उच्चारात दोन तुकडे पडणाऱ्या, बऱ्याच शब्दांत नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर पडतो. ‘रेकॉर्ड’ ही नोंद, ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंदवणं. ‘प्रेझंट’ ही भेटवस्तू, ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणं. ‘ऑब्जेक्ट’ ही वस्तू, ‘अब्जेक्ट’ म्हणजे हरकत घेणं. परमिट, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, प्रोटेस्ट हे याच रांगेतले. मराठीत आपण ‘रेकॉर्ड करणे’ म्हणतो, म्हणजे नामाचाच उच्चार, आणि तोच इंग्रजी बोलताना तोंडात येतो. सरावासाठी टेबलावर बोटाने ठोका द्या: जोराच्या अवयवावर ठोका, तिथला स्वर थोडा लांबवा, दुसरा अवयव पटकन उरका. रिपोर्ट, कंट्रोल, सपोर्ट, रिप्लाय यांत मात्र जोर दोन्ही वेळा दुसऱ्याच अवयवावर असतो. आन्सर, व्हिजिट, प्रॉमिस यांत दोन्ही वेळा पहिल्यावर.

काही शब्दांत फक्त शेवटचा ध्वनी बदलतो. नाम ‘यूस’, क्रियापद ‘यूज’. ज ‘रोज’ शब्दाच्या शेवटी येतो तसा. ‘एक्स्क्यूज मी’मध्ये ज, पण सबब या अर्थी ‘एक्स्क्यूस’. घर ‘हाउस’, पण राहायला जागा देणं ‘हाउज’. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’मध्ये स्पेलिंगही बदलतं: नामात सी, क्रियापदात एस. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ या शब्दांत उच्चार सारखाच, पण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये सी-एसचा हाच फरक पाळतात. अमेरिकन स्पेलिंगमध्ये ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सीने, ‘लायसन्स’ दोन्हीकडे एसने. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

नवा शब्द भेटला की शब्दकोशात ‘एन’ (नाम) आणि ‘व्ही’ (क्रियापद) या दोन्ही नोंदी उघडा. उच्चारात अवयवाच्या आधी, वरच्या बाजूला बारीक उभी रेघ दिसेल. जोर त्याच अवयवावर. मग वहीत एकाखाली एक दोन पूर्ण वाक्यं लिहा, एक नामाचं, एक क्रियापदाचं, आणि अव्ययाखाली रेघ मारा. सुटा शब्द अर्थासह पाठ केला तर नेमकं हे अव्ययच निसटतं.