नाकतोड्याच्या जिवंत पेशीचं चित्रीकरण फसतंय? या चुका टाळा

नाकतोड्याचं वृषण काढायचं, ॲसिटोकार्माइन या लाल रंगात टाकायचं, अंगठ्याने दाबायचं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत हा हात इतका बसतो, की जिवंत पेशी शूट करायला बसलेला विद्यार्थीही आधी रंगाची बाटलीच शोधतो. पहिली चूक तीच. रंग पडला की पेशी मेली.

बिनरंगाची पेशी काचेसारखी पारदर्शक असते, म्हणून फेज कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणजे पेशीतून जाताना प्रकाशलहरी जरा मागे पडतात तो फरक उजेड-अंधारात दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची पद्धत. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके ही पद्धत 1932 साली जर्मनीत येना इथे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या झाइस कंपनीकडे घेऊन गेले, तेव्हा उपयोगाची असती तर आम्हीच शोधली असती, असं त्यांना ऐकवण्यात आलं! पुढे त्याच झाइसच्या कुर्ट मिशेल यांनी 1943 मध्ये उडताना खडखडणाऱ्या, लाल पंखांच्या युरोपीय नाकतोड्याच्या शुक्रजनक पेशींचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं) फेज कॉन्ट्रास्टने फिल्मवर घेतलं. झेर्निकेंना नोबेल मिळालं 1953 मध्ये.

चित्र धुरकट आणि फिकट? कंडेन्सरचं (स्लाइडखालच्या भिंगाचं) प्रकाशाचं कडं ऑब्जेक्टिव्हच्या (पेशीजवळच्या भिंगाच्या) कड्यावर बसलेलं नाही. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून आत बघा, दोन्ही कडी एकावर एक आली पाहिजेत. ऑब्जेक्टिव्ह बदललं की कडंही बदलायचं. हे हमखास विसरतं.

पेशी फुगून फुटतायत? डिस्टिल्ड वॉटर वापरलंय. कीटकांसाठीचं रिंगर द्रावण, म्हणजे त्यांच्या शरीरद्रवाइतकं खारट पाणी, घ्या. पण थेंब मोठा झाला तर पेशी तरंगतात, गोल राहतात आणि फोकसमध्ये अर्धीच गुणसूत्रं येतात. कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडेला फिल्टर पेपरचा कोपरा टेकवून जादा द्रव हळूच ओढून घ्या. पेशी किंचित पसरली की थांबा, अंगठा लावू नका. मग कडा लगेच व्हॅसलिनने बंद करा, नाहीतर द्रावण आटून पेशी आक्रसतात.

दिवा सतत चालू ठेवणं ही सर्वांत महागडी चूक. उष्णतेने विभाजन मध्येच थांबतं आणि दोष मात्र नाकतोड्याला दिला जातो. हिरवा फिल्टर, उष्णता अडवणारी काच, आणि प्रकाश फक्त फ्रेम घेताना. दर 10 सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर 4 तासांच्या 1440 फ्रेम होतात. सेकंदाला 24 ने दाखवल्या की बरोबर एक मिनिट.

फोकस दर तासाला सरकत असेल तर आधी खोलीतला पंखा बंद करा. आमची एक अख्खी रात्र त्या पंख्याने खाल्ली.

शेवटी, दिसतंय ते नीट वाचा. अनेक नाकतोड्यांच्या नरात गुणसूत्रं 23 असतात: 11 जोड्या आणि एकटं एक्स. जोडीदार नसल्याने एक्स अख्खं एकाच टोकाला जातं, बऱ्याचदा इतरांच्या आधी. आमच्याकडे एकाने ते तुटलेलं गुणसूत्र समजून नेमकी तीच 10 सेकंदं ‘खराब’ म्हणून कापून टाकली होती.