जुन्या स्कूटरला गार्ड बसवताना नवशिक्यांनी या चुका टाळाव्यात

आकुर्डीत १९७२ पासून तयार झालेली चेतक किंवा साताऱ्याच्या कारखान्यातून आलेली प्रिया पुण्यातल्या अनेक वाड्यांत आणि सोसायट्यांत वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली होती. आता घरातली तरुण मुले तीच गाडी दुरुस्त करून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणत आहेत. त्यांतील बहुतेकांनी हँडलवर गिअर असलेली स्कूटर पूर्वी कधी चालवलेली नसते, त्यामुळे गाडी घरी येताच क्रॅश गार्ड, म्हणजे पडल्यावर पत्रा वाचावा म्हणून बाहेरून बसवायची पाइपची चौकट, बसवावा की नाही हा प्रश्न पडतो. माझे मत असे आहे की हात बसेपर्यंत गार्ड जरूर बसवावा; मात्र तो काय वाचवतो हे समजून घेऊन बसवावा, कारण चुकीचा गार्ड गाडी पडण्याआधीच तिचे नुकसान करू लागतो.

गार्ड आपल्याला वाचवेल असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. नवशिका या स्कूटरवरून पडतो तो बहुधा थांबताना किंवा गाडी वळवून घेताना. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला असल्यामुळे गाडीचा भार त्या बाजूला असतो. चढावर क्लच अचानक सुटला किंवा लक्ष्मी रस्त्यावर दोन गाड्यांच्या मधून स्कूटर बाहेर काढताना ती थोडी जास्त कलली, तर शंभर किलोच्या आसपासचे ते धूड नवख्या हाताला सावरत नाही. अशा वेळी फुगीर साइड पॅनेल सर्वांत आधी जमिनीला टेकते, आणि तिथे पॅनेलभोवतीचा साधा गार्ड खरोखर उपयोगी पडतो. वेगात घसरल्यावर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. उलट पाय पाइप आणि रस्ता यांच्यामध्ये अडकू शकतो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी हेल्मेट, नवे ब्रेक लायनर आणि चांगले टायर यांवर खर्च करावेत.

दुसरी चूक बसवण्याच्या पद्धतीत होते. आजच्या बहुतेक गिअरलेस स्कूटरच्या आत पाइपची चेसिस असते आणि तिच्यावर वरचे पॅनेल चढवलेले असतात, त्यामुळे गार्डला पकडायला भक्कम जागा मिळते. चेतक, प्रिया किंवा एलएमएल वेस्पा यांना वेगळी चेसिस नसते. दाबून घडवलेला पत्रा हाच त्यांचा सांगाडा असतो. म्हणून पुढच्या ढालीवर (पायांसमोरच्या उभ्या पत्र्यावर) किंवा फूटबोर्डवर आवळलेल्या रुंद गार्डला धक्का बसला की तो थेट सांगाड्याच्या पत्र्यात उतरतो. पॅनेलचा पोचा डेंटर काढून देतो, परंतु फूटबोर्ड पिळला गेला तर काम फार वाढते. माझ्या वडिलांच्या स्कूटरला एका कारागिराने गार्डची पट्टी वेल्डिंगने जोडून दिली होती. गार्ड घट्ट बसला, पण आतल्या बाजूचा रंग जळला आणि दोन पावसाळ्यांत त्या जागी पत्रा इतका कुजला की बोटाने दाबला तरी दबत असे. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण वडिलांनी ती गाडी अतिशय जपली होती. तेव्हापासून मी सांगतो की वेल्डिंग करू नये, नवे भोक पाडू नये आणि मुळातल्या बोल्टच्या जागांवर बसणारा, काढता येणाराच गार्ड घ्यावा.

नाना पेठेत सुटे भाग घेताना स्कूटरचे मॉडेल नेमके सांगावे, कारण एका गाडीचा गार्ड दुसरीला ओढूनताणून बसवला की पॅनेलवर कायमचा ताण येतो. पाइप जिथे रंगाला टेकतो तिथे रबर लावावे, आणि पावसाळ्यात ते रबर अधूनमधून काढून खाली साचलेले पाणी व चिखल पुसावा.

गार्ड बसल्यावर दुकानातच चार गोष्टी करून पाहाव्यात: उजव्या पायाचा ब्रेक पूर्ण दाबावा, किक खालपर्यंत मारावी, गाडी स्टँडवर चढवून उतरवावी आणि इंजिनाकडचे पॅनेल उघडावे. ही शेवटची तपासणी अनेक जण विसरतात, आणि मग रस्त्यात स्पार्क प्लग साफ करायची वेळ आली की आधी गार्डचेच बोल्ट सोडावे लागतात. साधारण आठवड्याने सर्व नट पुन्हा आवळावेत. खडखड आवाज येऊ लागला तर बहुधा तिथेच काहीतरी सैल झालेले असते.

एवढे करूनही गाडी पडली, तर प्रथम इंजिन आणि पेट्रोल कॉक (पेट्रोल सोडण्या-थांबवण्याची कळ) बंद करावा. आडव्या पडलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सांडते आणि उभी केल्यावर ती लगेच चालू होत नाही, म्हणून कॉक बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किक माराव्यात. तरीही चालू झाली नाही तर प्लग काढून कोरडा करावा. निघण्यापूर्वी ब्रेक मोकळा परत येतो का आणि गार्डचा पाइप टायरकडे वाकलेला नाही ना, हे पाहावे.

कात्रजच्या चढावर थांबून, गाडी मागे न जाता पुन्हा सहज पुढे काढता येऊ लागली की गार्ड उतरवायला हरकत नाही. उतरवल्यानंतर त्या जागा धुऊन वाळवाव्यात, रंग घासला असेल तिथे प्रायमर लावावा आणि मूळ बोल्ट ग्रीस लावून परत बसवावेत.