खासगी रस्त्याबद्दल नोटीस आली? आधी कलम बघा

महाराष्ट्रात शेतातल्या किंवा वस्तीकडे जाणाऱ्या खासगी रस्त्यावर हात घालणारी कार्यालये बरीच: तहसील, ग्रामपंचायत, बांधकाम विभाग. प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या कलमातून येतो आणि त्या कलमाच्या कुंपणापाशी संपतो. नोटिशीवर कलमच नसेल, तर ‘कोणत्या तरतुदीनुसार कारवाई करत आहात’ एवढाच लेखी प्रश्न आधी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक-शिक्का घ्या.

मग कागद काढा. चालू सातबारा, जुने फेरफार, गटनकाशा आणि गावनकाशा. गावनकाशावर तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग. अशी रेष तुमच्या गटातून जात असेल, तर ‘खासगी’ म्हणण्याआधी थांबा. सातबाऱ्यावर रस्त्याचे क्षेत्र ‘पोटखराब वर्ग ब’ मध्ये असेल तरीही तेच, कारण हा वर्ग सार्वजनिक उपयोगाच्या जमिनीसाठी आहे. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि गावाचा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातल्या वहिवाटींची सरकारी नोंद, पाहायला बहुतेक जण विसरतात. वहिवाटीची जुनी नोंद नेमकी तिथे सापडते.

तहसीलदारांकडून येणाऱ्या नोटिशी मुख्यतः दोन प्रकारच्या. या दोन्हींची गल्लत वकीलही करतात.

पहिली, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३. शेतात जायला वाट नसलेल्या शेतकऱ्याला नवी वाट याखाली मिळते, पण ती दुसऱ्याच्या गटाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून. शेताच्या मधोमध वाट पाडण्याचा अधिकार या कलमात नाही. निकष आहे तो शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी वाजवी वाटेची गरज, त्यामुळे अर्जदाराला दुसऱ्या बाजूने वाट असेल तर ती मोजणीच्या नकाशासह दाखवा. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता ३ ते ४ मीटर रुंद असावा असे म्हटले आहे, पण शासन निर्णयाने कलमाची हद्द ओलांडता येत नाही.

दुसरी, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५. इथे आधीपासून वापरात असलेल्या वाटेवरचा अडथळा काढायचा असतो. नवा रस्ता याखाली देता येत नाही. दावा अडथळा केल्यापासून ६ महिन्यांत आलेला असावा लागतो, म्हणून अर्जातली अडथळ्याची तारीख आधी तपासा. तारीखच लिहिलेली नसेल, तर पहिली हरकत तीच.

स्थळपाहणीला हजर राहा. पंचनाम्यावर कोरी सही नको. ‘हजर होतो, मजकूर मान्य नाही’ असे लिहून सही करा आणि काय मान्य नाही ते वेगळ्या अर्जात द्या. पुढे सगळ्यात महाग पडते ती इथली घाई.

निकाल विरोधात गेला तर १४३ च्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते किंवा एक वर्षात दिवाणी दावा. एकदा दावा लावला की अपील आणि पुनरीक्षण (वरिष्ठ अधिकाऱ्याने आदेश पुन्हा तपासणे) दोन्ही बंद, म्हणून आधी ठरवा. कलम ५ च्या आदेशावर अपील नाही. पुनरीक्षण अर्ज किंवा दिवाणी न्यायालय, एवढेच.

ग्रामपंचायत नोटीस काढते ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली, आणि ते सार्वजनिक रस्ते व खुल्या जागांवरच्या अडथळ्या-अतिक्रमणापुरते. रस्ता सार्वजनिक आहे हे तिने कागदाने दाखवावे. नमुना २३, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीतल्या नोंदीने मालकी बदलत नाही. पण पंचायतीने मुरूम-खडी टाकताना तुम्ही गप्प बसलात, तर ती शांतता पुढे संमती म्हणून मांडली जाते. काम सुरू होण्याआधीच लेखी हरकत द्या.

रुंदीकरणासाठी जमीन लागणार असेल, तर घटनेचे कलम ३००-अ आडवे येते: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही. म्हणजे २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादन आणि मोबदला, किंवा तुमच्या संमतीने खरेदी. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये संपादनाविना रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला, आणि प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे बरीच वर्षे ताबा असल्याने जमीन आपलीच झाल्याचा, सरकारचा बचाव फेटाळला. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. जेसीबी दारात असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करता येतो.

एक खबरदारी. शेजारी २० वर्षे उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता त्या वाटेने जात असेल, तर सुविधाधिकार अधिनियम १८८२ नुसार त्याचा हक्क तयार झालेला असू शकतो. तो हक्क शेजाऱ्याचा. त्याच्या जोरावर कार्यालयाला मालकी मिळत नाही, पण तुम्ही रातोरात चर खणलात तर कलम ५ चा दावा तुमच्यावर आयता येतो.