घरच्या व्यक्तीला नेमबाजीची पहिली ओळख करून देताना

घरच्या माणसाला नेमबाजीची गोडी लागणार की धास्ती बसणार, हे बहुधा रेंजवरच्या पहिल्या अर्ध्या तासातच ठरते; म्हणून तो अर्धा तास शिकणाऱ्याच्या सोयीने आखावा. वयाची अट आणि परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यांची चौकशी रेंजच्या चालकांकडे आधीच करावी.

सुरक्षिततेचे नियम बंदूक हातात देण्यापूर्वी, शक्यतो घरीच समजावून सांगावेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे, नळी सदैव सुरक्षित दिशेला ठेवावी, नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरला लावू नये आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज बार काढू नये. हे नियम पाठ म्हणवून न घेता, प्रत्येकामागचे कारण शिकणाऱ्याकडून त्याच्याच शब्दांत ऐकावे. धोका दिसताच ‘थांबा’ असे ओरडण्याचा अधिकार नवख्यालाही आहे, आणि लक्ष्यफलकापाशी कोणी गेलेले असताना बंदुकीला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच सांगावे.

त्याच बैठकीत प्रबळ डोळा, म्हणजे पाहताना मेंदू ज्याच्यावर अधिक विसंबतो तो डोळा, ओळखून घ्यावा. दोन्ही तळव्यांमध्ये लहान फट ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू त्या फटीतून पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर प्रशिक्षकाला आधीच सांगावे.

सुरुवातीला 10 मीटर अंतरावर 4.5 मिलिमीटर छर्ऱ्याची एअर रायफल (हवेच्या दाबावर चालणारी बंदूक) द्यावी, कारण तिचा धक्का आणि आवाज दोन्ही सौम्य असतात. गंमत म्हणून नवख्याच्या हाती जोरदार धक्क्याची बंदूक देणे मला अक्षम्य वाटते. त्या एका धक्क्याने डोळे मिटण्याची सवय जडते आणि ती मोडायला फार काळ लागतो. स्पर्धेच्या रायफलीचे वजन 5.5 किलोपर्यंत असू शकते, त्यामुळे बसवून, रायफलीचा पुढचा भाग टेकूवर ठेवून नेम धरायला लावावे. छर्रा उलटून येऊ शकतो, म्हणून संरक्षक चष्मा सर्वांनीच घालावा. गोळीच्या बंदुका चालू असतील तर कानांनाही संरक्षण हवे.

स्पर्धेच्या फलकावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो पाहून नवखा खचतो, म्हणून कोऱ्या कागदावर एकच मोठे वर्तुळ काढावे आणि छर्रे परस्परांच्या किती जवळ लागले एवढेच पाहावे. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबणे, ट्रिगर झटका न देता हळूहळू दाबणे आणि बार निघाल्यावरही क्षणभर नेम न हलवणे, या तीन गोष्टी पहिल्या दिवसाला पुरेत. चुका सुधारण्याचे काम प्रशिक्षकावर सोपवावे. जोडीदाराची किंवा आईवडिलांची सूचना अनेकदा टोचते. हात थकण्याआधी, अजून थोडे हवे असे वाटत असतानाच थांबावे.

छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे रेंजवर काही खाऊ नये, निघताना हात-तोंड साबणाने धुवावे आणि घरी लहान मूल असेल तर त्याला उचलून घेण्यापूर्वी कपडे बदलावेत.