रकसॅक भरताना आधी रात्रीचा विचार करा

फील्ड ट्रेनिंगला सामान भरताना आधी एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी रकसॅकच्या आत अस्तरासारखी पसरा. बाहेरचं रेनकव्हर झुडपात अडकून फाटतं, आणि पाठीकडून झिरपणारं पाणी त्याने अडतही नाही. स्लीपिंग बॅग सगळ्यात तळाशी, तीही स्वतःच्या वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत. घडी घालत बसू नका, मुठीने कोंबा. कोपरे आपोआप भरतात. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांमध्ये येतील अशा ठेवा. जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं की रकसॅक तुम्हाला मागे खेचत राहते. रेनकोट सगळ्यात वर.

मॅट मात्र विसरू नका. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि थंडी थेट जमिनीतून चढते. जाड स्लीपिंग बॅग आणून मॅट घरी ठेवणारे पहाटे तीनला कुडकुडत बसलेले दिसतात!

झोपायचे कपडे आणि 2 जोड मोजे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ते फक्त झोपतानाच घाला. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवायचे. नकोसं वाटतं, पण दुसऱ्या रात्री कोरडं काहीतरी उरतं.

निघण्याआधी रकसॅक पाठीवर घेऊन चार उड्या मारा. खडखडाट झाला तर मेसटिनमध्ये, म्हणजे जेवणाच्या पत्र्याच्या डब्यात, मोजे कोंबा. मग डोळे मिटून टॉर्च काढून बघा. अंधारात तसंच काढावं लागणार आहे.