भूतकाळ मागे सोडताना या चुका टाळा

‘विसरून जा’ हा सल्ला आपण दुसऱ्याला मनापासून देतो, स्वतःलाही देतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं. विसरणं आपल्या हातात नसतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिली. पुढे त्याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. नको असलेला विचार येत नाही ना, हे तपासायला मनाला तोच विचार हाताशी धरून बसावं लागतं. म्हणून आठवण आली तर येऊ द्या. तिला हाकलू नका, तिच्याशी वादही घालू नका. ‘आली’ एवढी नोंद घ्यायची आणि हातातलं काम चालू ठेवायचं. सुरुवातीला दिवसातून वीस वेळा करावं लागेल, तरी हरकत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे उगाळण्याला विचार करणं समजणं. हिच्यात मी स्वतः दीड वर्ष घालवलं. एका जवळच्या मैत्रिणीशी बिनसलं होतं. रात्री दिवा मालवला की मी फोन हातात घ्यायची, जुने मेसेज वर वर सरकवत त्या एका ओळीपाशी यायची: ‘तुला कधी कळणारच नाही.’ मग मनातल्या मनात उत्तर जुळवायचं, आदल्या रात्रीपेक्षा थोडं अधिक धारदार. आपण काहीतरी समजून घेतोय असं मला खरंच वाटत होतं. एका रात्री स्वतःला विचारलं, कालच्यापेक्षा आज नवीन काय कळलं? काहीही नाही. तीच ओळ, तोच राग, आणि घड्याळात दीड वाजलेला.

हाच प्रश्न तुम्हीही कसोटी म्हणून वापरा. पंधरा मिनिटं विचार केल्यावर एखादी नवी गोष्ट कळली किंवा करण्याजोगं एखादं काम सापडलं, तर तो विचार. नाही तर ते उगाळणं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी कॅलिफोर्नियात १९८९ च्या भूकंपाच्या दोन आठवडे आधी, योगायोगानेच, विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि सवयींची नोंद घेतली होती. दुःख घोळवत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, ती मुलं भूकंपानंतर सात आठवड्यांनीही इतरांपेक्षा जास्त खचलेली आढळली.

उगाळणं थांबवायला निश्चय पुरत नाही, त्याला बसायला जागा द्यावी लागते. कागदावर लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली पद्धत अगदी साधी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं ते दोन्ही लिहायचं. शुद्धलेखन, अक्षर, कशाचीच फिकीर नको. लिहून झाल्या झाल्या मन जास्त जड वाटतं, ते तिथेही दिसलं होतं; त्यामुळे ‘मला हे जमत नाही’ म्हणून पहिल्याच दिवशी वही मिटू नका. घटना अगदी ताजी किंवा भयंकर असेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर भागवू नये. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावं, आणि लवकर जावं.

‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्यही तपासून घ्या. निकाल कळल्यावर तो आधीपासूनच दिसत होता असं वाटतं, हा मनाचा ठरलेला घोटाळा आहे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी तो १९७५ मध्येच दाखवून दिला. तुम्ही निर्णय घेतला त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं, तेवढंच लिहून काढा. यादी बहुधा छोटी निघते.

समोरच्याच्या माफीची वाट बघणं ही आणखी एक चूक. मी शेवटी त्या मैत्रिणीला दोन ओळी लिहिल्या, माझं जिथं चुकलं होतं तेवढंच. उत्तर आलं नाही, अजूनही नाही. पण मनातलं ते उत्तर जुळवणं त्यानंतर हळूहळू थांबलं.

आणि भविष्याकडे बघायचं म्हणून पाच वर्षांचा आराखडा मांडू नका. थकलेल्या मनाला तो ओझ्यासारखा वाटतो, आणि आठवडाभरात बारगळला की अपयशाची आणखी एक आठवण जमा होते. त्यापेक्षा जुनी सवय दिवसातल्या ज्या वेळेला पकडते, ती एकच वेळ बदला आणि तिथं काय करायचं ते आधीच ठरवा. माझी वेळ दिवा मालवल्यानंतरची होती. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायला लागले आणि उशाशी उद्याच्या कामाचा कागद ठेवला, त्यावर एकच ओळ. पहिल्या रात्री ती ओळ होती, ‘सकाळी सात वाजता चालायला जायचं.’