पाण्यावर कोणती मेफ्लाय आहे, हे कसे ओळखावे

पाण्यावर मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर येणाऱ्या नाजूक माशा, उतरताहेत, ट्राउट मासा वर येऊन काहीतरी टिपतो आहे, पण गळावर पिसे-दोरे बांधून केलेल्या तुमच्या नकली माशीकडे, फ्लायकडे, ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी डबीतल्या फ्लाय एकामागून एक बदलत बसू नका. दहा मिनिटे रॉड बाजूला ठेवा आणि पाणी पाहा. मेफ्लायच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि जातीचे नेमके नाव लावायला अनेकदा सूक्ष्मदर्शकच लागतो. मासेमारीला तेवढे लागत नाही. गट, आकार आणि अवस्था कळली की काम भागते. त्यातही अवस्था सर्वांत महत्त्वाची, कारण बरोबर जातीची पण चुकीच्या अवस्थेतली फ्लाय ट्राउट बिनदिक्कत सोडून देतो.

सोबत बारीक जाळी, उथळ पांढरा ट्रे, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि पाण्याचा थर्मामीटर ठेवा.

१. आधी ती मेफ्लायच आहे ना, ते पाहा

बसलेल्या मेफ्लायचे पंख पाठीवर शिडासारखे उभे मिटलेले असतात, स्पर्शिका अगदी आखूड असतात आणि मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या असतात. पंख छपरासारखे उतरते, स्पर्शिका लांब आणि शेपटी नाही, तर ती कॅडिस. पंख पाठीवर सपाट पसरलेले असतील, तर स्टोनफ्लाय. दोनच पंख आणि शेपटी नाही, तर मिज.

२. अवस्था ठरवा

पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक मेफ्लायखेरीज दुसरा नाही. पाण्यातून नुकताच बाहेर आलेला तो डन: पंख धुरकट, अपारदर्शक, अंग मंद रंगाचे. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो कात टाकून स्पिनर होतो: पंख काचेसारखे, अंग चकचकीत, शेपट्या आणखी लांब. अंडी घातल्यावर स्पिनर पंख पसरून पाण्यावर आडवे पडतात. उभ्या पंखांची फ्लाय तेव्हा निरुपयोगी. पंख आडवे बांधलेलीच हवी.

डन आणि निम्फ (पाण्याखाली वाढणारे बिनपंखी पिल्लू) यांच्यामधली अवस्था म्हणजे इमर्जर. अर्धवट कातीत अडकलेला हा कीटक पाण्याच्या पृष्ठभागातच लोंबकळत असतो आणि त्याला पळता येत नाही. हॅच, म्हणजे एका जातीच्या माशांचे एकदम पाण्यातून बाहेर येणे, रंगात असताना ट्राउट डन सोडून इमर्जरच खातो, असे वारंवार घडते.

३. शेपट्या, मागचे पंख, लांबी. रंग सगळ्यात शेवटी

माशी हळूच पकडा आणि भिंगाखाली याच क्रमाने पाहा. शेपट्या सहज तुटतात, म्हणून मुळाशी खुंट उरला आहे का तेही बघा. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजा, शेपट्या धरू नका.

दोन शेपट्या, मागचा पंख अगदी चिमुकला किंवा नाहीच, अंग लहान: बेटिस आणि तिचे नातलग. १८ ते २२ नंबरचा गळ (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). पंख ठिपकेदार आणि पाणी संथ असेल, तर उत्तर अमेरिकेत कॅलिबेटिसचा विचार करा.

तीन शेपट्या, मागचा पंख नाही, अंग तीन ते सहा मिलिमीटर: उत्तर अमेरिकेतली ट्रायकोरिथोडीस, मासेमारांची ‘ट्रायको’. २० ते २४ नंबर.

तीन शेपट्या आणि मागचा पंख ठळक: एफिमेरेला गट. बहुतेकांना १२ ते १८ नंबर चालतो. याच खुणा, पण माशी खूप मोठी आणि पंखांवर डाग असतील, तर एफिमेरा. युरोपात एफिमेरा डॅनिका सर्वांच्या ओळखीची आहे.

दोन शेपट्या, मागचा पंख मोठा, पंखांवरच्या शिरा गडद: दगडांना चिकटून वाढणारा हेप्टाजेनिड गट.

रंग फसवतो. डन बाहेर आल्यावर थोड्याच वेळात गडद होतो. नर आणि मादी वेगळ्या रंगांची असू शकतात. नराचे डोळे मोठे असतात आणि पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे आकडे असतात. रंग बघायचाच तर पोटाखालचा बघा, कारण मासा खालून पाहतो. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवणार असाल तर आधी फोटो काढा. अल्कोहोलमध्ये रंग उडतो.

४. दगड उलटा

उथळ, खळाळत्या पाण्यात जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि वरच्या बाजूचे दगड पायाने हलवा. जाळीतले सगळे ट्रेमध्ये पाणी घेऊन ओता. मेफ्लायच्या निम्फला पोटाच्या बाजूंना कल्ले आणि प्रत्येक पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायला दोन नख्या असतात. चपटी निम्फ दगडाला चिकटणारी, निमुळती आणि चपळ ती पोहणारी, जाडसर आणि संथ ती रांगणारी, पिसांसारखे कल्ले आणि तोंडापुढे सुळे असलेली ती गाळात बीळ करणारी.

आता पाठीवरचे पंखकोश पाहा. ते काळे पडून फुगले असतील, तर ती जात लवकरच बाहेर येणार. पुढच्या हॅचचा इतका खात्रीचा सुगावा दुसरा नाही. पाहून झाल्यावर किडे पाण्यात सोडा आणि दगड होते तसे ठेवा. ट्राउटची अंडी असलेल्या स्वच्छ वाळू-खड्यांच्या जागेत मात्र पाय घालू नका.

गटावरून बाहेर येण्याची रीतही कळते. आयसोनिकियाच्या निम्फ बहुधा काठाच्या दगडांवर चढून कात टाकतात. एपिओरस तळाशीच कात टाकते आणि पंख फुटलेला डन पोहत वर येतो; तेव्हा बुडती वेट फ्लाय चालते. बेटिसच्या अनेक माद्या पाण्याखाली जाऊन अंडी घालतात, म्हणून तिचा स्पिनर बुडवूनही खेळवावा.

५. मासा कसा खातो, ते वाचा

पाठ आणि शेपूट दिसते पण तोंड बाहेर येत नाही: पृष्ठभागाखालचे इमर्जर. तोंड बाहेर येते आणि मागे बुडबुडा उरतो: पृष्ठभागावरचे डन किंवा स्पिनर. अगदी शांत, बारीकशी वर्तुळे: बहुधा पडलेले स्पिनर.

इथे मोठी फसगत होते. मोठे डन डोळ्यांत भरतात आणि त्यांच्यामधून वाहणारे शेकडो बारीक स्पिनर दिसतच नाहीत. मासा मात्र तेच खात असतो. म्हणून जाळी पृष्ठभागावर आडवी धरून दोन मिनिटांत काय अडकते ते पाहा.

६. तारखेपेक्षा तापमान लिहा

बेटिस ढगाळ, झिमझिम पावसाच्या थंड दिवशी जोरात येते. ओल्या हवेत डनचे पंख उशिरा सुकतात आणि तो पाण्यावर जास्त वेळ राहतो. ट्रायकोचे स्पिनर उन्हाळ्यातल्या सकाळी पडतात. प्रत्येक हॅचला वेळ, आभाळ, पाण्याचे तापमान, शेपट्या, लांबी आणि मासा कुठली अवस्था खात होता, एवढे टिपून ठेवा. वसंत लांबला की तारखा सरकतात, तापमान त्यामानाने टिकून राहते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउटला प्राणवायू कमी पडतो. त्या दिवशी गळ टाकू नका. दुसऱ्या नदीवर जाण्यापूर्वी जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा.